मूळचे कुठले?

सोलापूरबद्दलची दोन वाक्यं ऐकली की माझं डोकं फिरतं. पहिलं वाक्य व्यासपीठावरचं: "आमच्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात." दुसरं वाक्य कार्यक्रम संपल्यावर चहा पिताना येतं: "आडनाव वेगळं वाटतंय. तुम्ही मूळचे कुठले?" बोलणारा माणूस बरेचदा तोच असतो.

ही दोन्ही वाक्यं घरमालकाची आहेत. पहिल्यात मालक खूश आहे, कारण भाडेकरू भांडत नाहीत. दुसऱ्यात तो भाडेकरूचे कागद बघतोय. माझं भांडण या घरमालकीशी आहे. सोलापूर हे असं शहर आहे की इथे घरमालक कुणीच नाही. जे आले ते कामाला आले, आणि कामामुळेच एकमेकांत मिसळले. सलोख्याचं कौतुक करता करता तो ज्यांच्यावर उभा राहिला ती कामं, ती वस्ती, त्या शाळा एकेक करून मोडीत निघाल्या, आणि कौतुक करणाऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आधी माझे कागद दाखवून टाकतो, म्हणजे तो विषय संपेल. मी पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली घरातला. आजोबा निजामाच्या राज्यातून आले, हातमागावर बसले. वडिलांनी यंत्रमागावर टॉवेल विणले. आजी आणि आई विड्या वळायच्या. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात दखनी. कन्नड कळतं, बोलायला गेलो तर समोरचा हसतो. तेलुगू बोलता येतं, पण तेलुगू लिपी मला वाचता येत नाही. हिशेब मराठीत करतो, शिव्या मराठीत देतो, हा लेखही मराठीतच सुचला. आता सांगा, मी मूळचा कुठला?

मूळ शोधायचंच असेल तर थेट बाराव्या शतकात जाऊ. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर. बसवण्णांच्या काळातला हा शिवयोगी, आणि त्याची वचनं कन्नडमधली. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत त्याच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं. तळ्याकाठी लाखो माणसं अक्षता घेऊन उभी असतात. संमती कट्ट्यावरून कानावर येणारे कानडी वळणाचे शब्द त्यातल्या अनेकांना कळत नाहीत. अक्षता टाकायला अडत नाही. ज्या राज्यात मराठी बोलत नाही म्हणून दुकानदाराच्या कानाखाली वाजवल्याचे व्हिडिओ अभिमानाने फिरवले जातात, त्याच राज्यातल्या या शहराचा देव कन्नड बोलणारा आहे.

पण थांबा. एवढं म्हटलं की लगेच सीमेपलीकडच्यांना आनंद होतो. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा भाग तिकडे द्यावा असं सुचवलं होतंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सोलापूर, अक्कलकोटच्या कन्नडभाषक भागावर पुन्हा हक्क सांगितला. इकडून ठरलेलं उत्तर गेलं: एक इंचही देणार नाही. त्या गदारोळात सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली गावंही चर्चेत आली. कर्नाटकात जायची भाषा तिथल्या लोकांनी केली होती ती कन्नडच्या प्रेमापोटी नव्हे, पाणी मिळत नव्हतं म्हणून. दोन्हीकडचे पुढारी जमिनीबद्दल बोलत होते. तिथली माणसं नळाबद्दल बोलत होती.

'मूळचे कुठले?' या निरागस वाटणाऱ्या प्रश्नाचा शेवट असा होतो. मूळ सापडलं की त्यावर मालकी सांगता येते, आणि मालकी सांगितली की उरलेले सगळे पाहुणे ठरतात. सिद्धेश्वर कन्नड बोलत होता म्हणून सोलापूर कर्नाटकाचं होत नाही, आणि ते महाराष्ट्रात आहे म्हणून सिद्धेश्वराला मराठी शिकवायची गरज नाही.

आता हे शहर भरलं कसं ते बघा. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनला झोडपून गेला. त्याच काळात, १८७७ मध्ये, इथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. तीच आपली जुनी मिल. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल. गावात खायला नव्हतं आणि शहरात हात हवे होते. आजूबाजूच्या दुष्काळी गावांतून मराठी बोलणारे आले, तेलंगणातून विणकर आले. व्यापारी पेठांत लिंगायत, गुजराती, मारवाडी होते, माग आणि बाजार या दोन्हीकडे मुसलमान होते. यातल्या कुणीही 'विविधतेत एकता' अनुभवायला बिऱ्हाड हलवलं नव्हतं.

काही जण तर आलेच नाहीत, त्यांना आणलं गेलं. इंग्रजांनी ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवणारी मोठी सेटलमेंट सोलापुरात होती. आतली माणसं हजेरी देऊन गिरणीत राबत. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. कुंपण गेलं, पण नाव बघा: आजही रिक्षावाल्याला 'सेटलमेंट फ्री कॉलनी' म्हणून पत्ता सांगतात. गुण्यागोविंदाच्या भाषणात हा पत्ता मी कधी ऐकलेला नाही.

तेव्हा माझं म्हणणं 'पूर्वी सगळं छान होतं' असं नाही. पूर्वी काही छान नव्हतं. पेठा जातीच्याच होत्या. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. सोलापूर काही वेगळ्या मातीचं नव्हतं. माझा मुद्दा एवढाच आहे: विषमता होती, तरी काम असं होतं की माणसांना एकमेकांची गरज पडत होती. सूत विकणारा एक, रंगवणारा दुसरा, विणणारा तिसरा, चादर बाजारात नेणारा चौथा. चौघांच्या घरात चार भाषा. व्यवहार करायचा तर चौघांनाही स्वतःच्या घराबाहेरची एक भाषा धरावी लागली, आणि ती मराठी झाली.

हे मराठीच्या अभिमान्यांनी जरा शांतपणे समजून घ्यावं. सोलापुरातली मराठी निव्वळ मराठी घरांनी वाढवली असं नाही. आमच्या नळावर कन्नड आजी आणि तेलुगू आजी भांडल्या त्या मराठीत. दोघींच्या मराठीचं व्याकरण पुण्यात नापास झालं असतं, पण भांडण मात्र अव्वल व्हायचं. 'काय करूलालास बे?' हे वाक्य सोलापूरच्या रस्त्यावर रोज हजारो वेळा उच्चारलं जातं. ते बोलणाऱ्यांत मराठा असतो, पद्मशाली असतो, लिंगायत असतो, मोमीनही असतो. हीच पोरं पुण्यात नोकरीला गेली की पहिल्या महिन्यात 'बे' गिळायला शिकतात. मग त्यांना कुणीतरी दाद देतं: "सोलापूरचे असून मराठी छान बोलता हो!" जबरदस्तीशिवाय मराठी स्वीकारणाऱ्या शहराला मराठीच्याच राजधानीत मिळणारा हा मान आहे.

दर जानेवारीत आणखी एक कौतुक होतं, तेही मला खुपतं. गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये सोलापूर पेटलं. इंग्रजांनी १२ मे ते ३० जून असे ४९ दिवस मार्शल लॉ लावला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. नावं वाचली की वक्त्याचे डोळे चमकतात: बघा, लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान! जणू प्रत्येक समाजाने आपापला प्रतिनिधी निवडून फासावर पाठवला होता. ते चौघं आपापल्या जातीच्या वतीने लढले नाहीत. कुर्बान हुसेन 'गझनफर' हे वृत्तपत्र चालवत. ते गिरणी कामगारांत वावरत होते, आणि सरकारला त्यांची भीती वाटली ती त्यामुळे. चौघांची जात मोजून सलोखा सिद्ध करणारा माणूस त्यांच्या राजकारणावर पांघरूण घालतो. सोलापुरात पांघरूण म्हणजे चादर, आणि ती इथे स्वस्त मिळते.

आज त्यांच्या नावाने हुतात्मा एक्सप्रेस धावते. सोलापूर ते पुणे. तिच्यात सकाळी कोण बसलेलं असतं ते बघायला एकदा स्टेशनवर जा. सॅक पाठीला लावलेली सगळ्या भाषांची पोरं, एकाच दिशेला निघालेली. २००१ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या पावणेनऊ लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती ९,५१,५५८ झाली. दहा वर्षांत जेमतेम नऊ टक्के वाढ. त्याच दशकात महाराष्ट्र सुमारे सोळा टक्क्यांनी वाढला. ज्या शहरात एकेकाळी दुष्काळातून जगायला माणसं येत होती, त्या शहरातून माणसं जगायला बाहेर पडताहेत, एवढाच या आकड्याचा अर्थ. गिरण्या एकेक करत बंद पडल्या. यंत्रमाग धापा टाकतोय. विडीचं काम कमी होतंय, आणि ते कमी व्हावं असं आरोग्याच्या बाजूने कुणीही म्हणेल, मीही म्हणेन. पण तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेल्या बाईला त्याऐवजी कोणतं काम देणार, याचं उत्तर कुणी देत नाही. सलोख्याच्या परिसंवादाला मात्र सभागृह मिळतं.

काम गेलं, तसं शहरही पांगलं. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली. आजूबाजूची गावं महापालिकेत आली आणि जुन्या पेठांचं दाटीवाटीचं सोलापूर सुमारे १७८ चौरस किलोमीटरांवर पसरलं. कागदावर ते मोठं शहर झालं. प्रत्यक्षात 'हद्दवाढ भाग' हा शब्दच तीस वर्षांनंतरही चालू आहे. यावरून शहराने त्या भागाला किती आपलंसं केलं ते कळतं. ११७ टीएमसीचं उजनी धरण याच जिल्ह्यात आहे आणि नळाला पाणी वर्षानुवर्षं तीन, चार, कधी पाच दिवसांआड. २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या २० स्मार्ट सिटींच्या यादीत आमचं नाव आलं. टाकी भरून ठेवायची सवय मात्र स्मार्ट सिटी सुटली नाही.

या नव्या सोलापुरात माणसं कशी राहतात, हे मला सलोख्याच्या वक्त्यांना दाखवायचंय. विजापूर रस्त्यावरचं जुळे सोलापूर घ्या. नाव गोड आहे. मूळ सोलापूरचं जुळं भावंड म्हणे. शिकलेला, नोकरदार, कर्ज काढून घर बांधणारा मध्यमवर्ग तिथे गेला. मीही गेलो. पेठेत जातीने राहत होतो ते नाइलाजाने, आजोबांनी जिथे माग टाकला तिथे. इथे आम्ही प्लॉट निवडून, हप्ते भरून, सोसायटी स्थापन करून पुन्हा जातीने राहायला लागलो. माझ्याबरोबर एका बाकावर बसलेल्या मुस्लिम मित्राने इथे भाड्याने घर शोधलं. फोनवर भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. नाव सांगितल्यावर 'मालकांचा विचार बदलला.' असं तीनदा झालं. तिसऱ्या मालकाच्या दारावर सर्वधर्मसमभावाच्या कुठल्याशा मेळाव्याचं स्टिकर होतं.

पेठेत आम्हाला एकमेकांचे सण माहीत होते, कारण ते टाळता येत नव्हते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ रस्ता अडवायचा, मोहरमला पंजे निघायचे, नवरात्रात आमच्या बायका बतुकम्माभोवती फेर धरायच्या आणि शेजारणी गॅलरीतून बघायच्या, पुढच्या वर्षी त्यातल्या दोघी खाली उतरायच्या. जुळे सोलापुरात शेजारच्या सोसायटीत कोणता सण चालू आहे ते लाऊडस्पीकरवरून कळतं. माझ्या मुलाला चार भाषांची नावं पाठ आहेत, कारण ती शाळेच्या प्रकल्पात लिहायची होती. आजीचं तेलुगू त्याला कळत नाही.

आता दुसऱ्या टोकाला, शहराबाहेर कुंभारीला चला. तिथे विडी कामगार बायकांची वसाहत आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. दहा हजार घरं. नरसय्या आडम, म्हणजे आमचे आडम मास्तर, आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून ती मिळवली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या कार्यक्रमाला आले. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचं रे नगर उभं राहतंय. पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते दिल्या गेल्या. दोन पंतप्रधान, दोन टोकांचे पक्ष, आणि घरं मिळवणारी चळवळ लाल बावट्याची.

मला महत्त्वाची वाटते ती या घरांच्या वाटपाची अट. घर मिळालं ते विडी वळता म्हणून, यंत्रमागावर आहात म्हणून, कचरा वेचता म्हणून. अर्जावर विचारलं गेलं ते काम. म्हणून एका ओळीत तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी घरं लागली. तिथे स्वर्ग नाही. कामाला शहरात यायचं तर अंतर आहे, बसची वाट बघणं आहे, भांडणं आहेत. पण आज सोलापुरात माणसं खरोखर सरमिसळ राहतात ती तिथे, आणि ती कुणाच्या मनाच्या मोठेपणामुळे नाही. वाटपाचा नियम तसा होता म्हणून. आम्ही सुशिक्षितांनी स्वतःच्या निवडीने जी भिंत बांधली, ती त्या बायकांच्या अर्जाने पाडली.

म्हणून म्हणतो, सलोखा ही स्वभावाची गोष्ट नाही, व्यवस्थेची आहे. स्वभाव सोलापूरकरांचाही इतरांसारखाच आहे. भिन्न माणसांना एकत्र आणणारं काम, घर, शाळा आणि दवाखाना असला की ती जमवून घेतात. ते काढून घेतलं की प्रत्येक जण आपापल्या मुळाकडे पळतो, आणि तिकडे त्याची वाट बघत पुढारी बसलेलाच असतो.

यावर मला ठरावीक उत्तर मिळतं: "मराठी यायलाच हवी की नाही?" यायलाच हवी. आम्हाला येते. सरकारी दवाखान्यात साठीची विडी कामगार बाई छातीत काय होतंय ते तेलुगूत सांगते तेव्हा तिला मराठीचा धडा देणारा मात्र माणूस म्हणून कमी पडतो. तिला समजून घेणारी एक परिचारिका, खिडकीवर चार भाषांतला एक फलक, यासाठी मराठीच्या अभिजात दर्जातला कुठलाही भाग खर्च होणार नाही. राज्यघटनेच्या कलम ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्याने सोय करावी असं लिहिलेलं आहे. ते १९५६ पासून आहे, सोलापूरवर कुणी उपकार करतंय असं नाही. इथल्या तेलुगू, कन्नड, उर्दू शाळा मराठीच्या वैरी नाहीत. त्या शाळांचे वर्ग ज्या कारणाने ओस पडताहेत, त्याच कारणाने मराठी शाळांचेही पडताहेत. पालकांनी मुलं काढली ती इंग्रजी पाट्यांच्या शाळेत घालायला. चारही भाषा एकाच बुडत्या होडीत आहेत, आणि आम्ही होडीत कुणी कुठे बसायचं यावर वाद घालतोय.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. महापालिकेने प्रत्येक दवाखान्यात आणि तक्रार खिडकीवर चारही भाषा कळणारं माणूस बसवावं. ज्या भाषांच्या शाळा उरल्या आहेत तिथे शिक्षक द्यावेत, आणि त्या मुलांना मराठी उत्तम शिकवावी. भाड्याने घर देताना आडनाव विचारणाऱ्या सोसायट्यांना सलोख्याचे पुरस्कार देणं बंद करावं. घरं बांधायची तर कुंभारीच्या नियमाने वाटावीत. आणि सगळ्यात आधी, इथल्या पोरांना इथेच राहता येईल असं काम आणावं. नाहीतर अजून वीस वर्षांनी सोलापूर बहुभाषिक राहील ते दिवाळी अंकातल्या लेखांत.

हे होईपर्यंत सलोख्याची भाषणं बंद ठेवली तरी चालेल. आणि चहा पिताना मला काही विचारायचंच असेल, तर नळाला पाणी कधी आलं होतं ते विचारा. त्याचं उत्तर मला चार भाषांत देता येतं.